शून्य गोचिडींची टोळी

गोचिडीला घाई नसते. गवताच्या पात्याच्या टोकाला ती पुढचे दोन पाय पसरून बसते आणि वाट बघते. कोणी आलं तर चिकटते, नाही आलं तर खाली उतरून ओल पिते आणि पुन्हा वर चढून बसते. पगार नाही, बढती नाही, तक्रार नाही. एवढ्या चिकाटीने बसून राहणारी दुसरी संस्था म्हणजे जंगल खातं, आणि या दोन थोर संस्थांच्या मधल्या गवतात, एस्टोनियाच्या व्होरू भागात, आमची बायकांची टोळी काम करते.

काम सोपं आहे. खात्याने रान तोडलं की वसंतात त्या तोडीत स्प्रूसची रोपं लावायची, आणि जून-जुलैत रोपांभोवतीचं गवत नि रास्पबेरीची झुडपं विळ्याने कापायची, म्हणजे रोपं गुदमरत नाहीत. गवत कमरेएवढं असतं. बाई वाकते, गोचीड चढते आणि दोघींची गाठ मध्यावर पडते. खात्याच्या कागदात याला 'संपर्क' म्हणतात.

टोळीची मुकादम साल्मे. शाळा चार इयत्ता. पाचवीत मास्तरांकडे तिला शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं ती सांगते. (मास्तरांना कोणी विचारलं नाही, आणि आता विचारायची सोयही राहिली नाही.) नवरा वारला तेव्हा त्याची करवत, त्याची खुर्ची आणि त्याचा आवाज तिने आपल्याकडे घेतला. मुलगा फिनलंडला बांधकामावर. घरात ती आणि सून मेरिके. टोळीत नऊ बायका. रोप कसं दाबायचं, बटाटा कधी काढायचा आणि नवऱ्याशी किती बोलायचं, हे बाकीच्या सगळ्या साल्मेकडून शिकल्या. शिकायला नको म्हणणारी एकच, वाइके. तिच्याबद्दल पुढे येईलच. तिला टाळता येत नाही.

गोचिडींच्या बाबतीत साल्मेचा सिद्धांत असा होता, की गोचीड गोड रक्ताच्या माणसाला धरते. साल्मेचं रक्त कडू. पुरावा: तिच्या अंगावर आजवर एकही गोचीड सापडलेली नाही. (तिच्या अंगावर आजवर कोणी शोधलेलीही नाही, हे पुराव्यात धरलेलं नाही.) दुसरीच्या अंगावर सापडली तर तिच्यावर लोणी थापायचं, जरा दम धरायचा आणि मग उलट्या दिशेने फिरवून काढायची. आम्ही सगळ्यांनी ही पद्धत इमानाने पाळली. लोण्याखाली घुसमटलेली गोचीड पोटातलं सगळं आपल्याच अंगात ओकून मग सुटते, हे फार पुढे कळलं. तोवर आमच्या गावात गोचिडींना जेवढं लोणी लागलं तेवढं पावाला लागलं नाही.

आमचा देश युरोपात दाखल झाला त्या वर्षी (त्याआधी तो कुठे होता हे परिपत्रकात नव्हतं) खात्याने कामगारांच्या आरोग्याकडे लक्ष द्यायचं ठरवलं, आणि काउपो नावाचा सुरक्षा अधिकारी पाठवला. वय कोवळं, बूट नवे, पांढरी पॅन्ट मोज्यांत खोचलेली, कारण फिक्या कपड्यांवर गोचीड लगेच दिसते. तोडीच्या चिखलात तो उभा राहिला तेव्हा खाली पाडायचं राहून गेलेल्या पांढऱ्या खोडाच्या बर्चसारखा दिसत होता.

त्याने आधी सगळ्यांना लस टोचवली. ती होती गोचिडीमुळे मेंदूला सूज येते त्या तापाची. गोचीड आणखी एक रोग देते, लाल चकतीचा, लाइम म्हणतात तो. त्याची लस नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. टोळीने दंडावर बोळा दाबून ऐकून घेतलं आणि ठरवलं की आता आपल्याला काहीच होत नाही, पाठदुखीसुद्धा.

मग त्याने पाहणी केली. निष्कर्ष असे निघाले: गोचिडीपासून धोका असतो हे नऊपैकी नऊ जणींना माहीत होतं. तो धोका शेजारणीला असतो असं आठ जणींचं मत पडलं. नववी साल्मे, तिला प्रश्नच अपमानाचा वाटला. पॅन्ट मोज्यांत खोचता का, या प्रश्नाला वाइकेने "बघणारं कोण आहे त्यावर" असं उत्तर दिलं, ते 'कधी कधी'मध्ये धरण्यात आलं.

शेवटी त्याने कार्यपद्धती वाचून दाखवली. रोज काम संपताच प्रत्येक कामगाराने चांगल्या उजेडात जोडीदाराकडून सर्वांग तपासून घ्यावे. गोचीड आढळल्यास बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. त्या जागी महिनाभर लक्ष ठेवावे.

"सर्वांग?" वाइके म्हणाली.

"सर्वांग," काउपो म्हणाला, आणि कानांपर्यंत लाल झाला.

"हे आमच्याकडे पणजीच्या पणजीपासून चालतं," साल्मे म्हणाली. "शनिवारी, सौनात. तुमचा कागद आत्ता आलाय, बाबा."

काउपो शहरातला. धुराचा सौना त्याने टपालाच्या तिकिटावर पाहिला होता. तो इतका खूश झाला की त्याने तिथेच गुडघ्यावर वही ठेवून 'स्थानिक परंपरेचा कल्पक वापर' असं लिहिलं. लिहिताना 'रोज' आणि 'चांगल्या उजेडात' एवढं ओळीत मावलं नाही.

तर या तपासणी केंद्राची रचना अशी. एक लाकडी खोली, तिला एक खिडकी, पोळपाटाएवढी. चिमणी नाही. दिवसभर दगड तापतात, धूर आतच कोंडतो, मग दार उघडून तो घालवतात; त्यामुळे भिंती, छत, बाकं, सगळं काजळीने काळं कुळकुळीत. या खोलीत नऊ बायका कपडे काढून बसतात. तापल्या दगडांवर पाणी पडतं, वाफ उठते, बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्यांनी एकमेकींच्या पाठी झोडपल्या जातात, आणि थोड्याच वेळात नऊच्या नऊ पाठी उकडलेल्या बीटासारख्या होतात. वर बर्चची पानं चिकटलेली, काजळीचे ठिपके पडलेले. आता या अंधारात, या वाफेत, अशा पाठीवर तिळाएवढा काळा ठिपका शोधायचा, आणि लाल चकती उठली असेल तर तीही लालातून ओळखून काढायची. याहून अवघड तपासणी जगात कुठे होत नसेल. आमच्याकडे ती दर शनिवारी यशस्वी व्हायची.

तपासणारी अर्थात साल्मे. एकेक जण तिच्यापुढे पाठ करून बसायची. ती हात फिरवायची, "साफ" म्हणायची आणि पाठीवर एक थाप मारायची. नियमात जोड्या लावायला सांगितलं होतं, पण नऊ बायकांच्या जोड्या लावल्या की एक उरते, आणि उरते ती मुकादम. तपासणारीला तपासायची तरतूद कुठेच नव्हती. (एकदा धुरवायला टांगलेली डुकराची तंगडी खुंटीलाच राहून गेली होती. साल्मेने अंधारात तिच्यावरही हात फिरवला आणि "साफ" म्हणाली. तंगडी खरोखरच साफ होती, त्यामुळे पद्धतीवरचा विश्वास वाढला.)

वाइके आणि साल्मे एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोघी एकाच वर्षी टोळीत लागल्या, एका ओळीत रोपं लावत आल्या, आणि मग एका शरदात ओढ्यापलीकडे साल्मेच्या अळंबीच्या जागेवर वाइके टोपली घेऊन उभी सापडली. आमच्याकडे अळंबीची जागा माणूस मरताना पोराच्या कानात सांगतं, तीही पोरगं शहाणं निघालं तर. तेव्हापासून दोघींमधलं सगळं बोलणं मेरिकेमार्फत चाले, मग मेरिके मधे बसलेली असो नाहीतर परगावी गेलेली असो.

"मेरिके, वाइकेला सांग, पाणी जपून टाक. इथे डुक्कर शिजवायचं नाहीये."

"मेरिके, तिला सांग, सोसत नसेल तर खालच्या पायरीवर बस म्हणावं. तिथे पाहुणे बसतात."

"वाइकेमावशी, आई म्हणतात..."

"ऐकलं गं मी. बोलत नाही, बहिरी नाही."

महिना संपला. आमच्या टोळीत सापडलेल्या गोचिडी: शून्य. दुसऱ्या टोळ्यांत वीस, चाळीस, एका ठिकाणी सत्तर. त्या टोळ्या रोज तपासत होत्या, भर उन्हात, चष्मे लावून. खात्याने या आकड्यांचा अभ्यास केला आणि सरळ अनुमान काढलं: जिथे जास्त शोधतात तिथे जास्त सापडतात, त्या अर्थी शोधण्यातच काहीतरी चुकतंय. आमच्या टोळीला 'आदर्श' ठरवण्यात आलं. पांढऱ्या मिन्याची पाटी आली, तिच्यावर लाल फुलीखाली एक गोचीड. साल्मेने ती सौनाच्या दाराला ठोकली, आणि ठोकायला सकाळ निवडली, कारण तेव्हा वारा वाइकेच्या घराकडे वाहतो. (पाटीला दोन खिळे पुरले असते. सहा लागले.)

त्या पाटीपुढून जाताना साल्मेची मान जरा उंच व्हायची. का होऊ नये? उभ्या आयुष्यात खात्याने तिला बूट दिले ते चावणारे, विळे दिले ते बोथट, आणि नवरा वारला तेव्हा एक पुष्पचक्र दिलं, त्यावर नाव दुसऱ्याच कोणाचं. बरोबर नावाने आलेली ही पहिली वस्तू.

मध्य उन्हाळ्याचा सण झाला त्यानंतरच्या शनिवारची गोष्ट. मेरिके सासूच्या पाठीवर जुडी मारत होती. मारता मारता थांबली.

"आई, पाठीवर काहीतरी आहे."

"काय आहे?"

"गोल आहे. मधे फिकं, कडेने लाल. बशीसारखं."

"लालच असणार. सौना आहे, बर्फाचं घर नाही."

"तसं नाही, आई. वेगळं लाल आहे."

"लालात वेगळं काय असतं गं? तूच वाफ जास्त केलीस, चटका बसला. आता मार, थांबू नकोस."

मेरिकेने वाफ जास्त केल्याबद्दल माफी मागितली. टोळीतल्या कोणी काही म्हटलं नाही. दारावर पाटी होती, आणि पाटीखाली बसून पाटीच्या विरुद्ध काय बोलायचं?

पुढे साल्मेची मान आखडली, कारण उशी. गुडघा सुजला, कारण खात्याचे बूट. दुपारीच गळून गेल्यासारखं व्हायला लागलं, कारण वाइके. प्रत्येक दुखण्याला तिच्याकडे कारण तयार होतं, आणि एकाही कारणाला आठ पाय नव्हते.

मग एका सकाळी ती तोडीत लाइनेला झापायला उभी राहिली. लाइने टोळीतली सगळ्यांत धाकटी. तिने गवताबरोबर रोपंही कापली होती. साल्मेने तोंड उघडलं आणि तोंडाची डावी बाजू कामावर आलीच नाही. उजवी एकटीच वर ओढली गेली. साल्मेला हसताना टोळीत कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे तिचं हसू कसं दिसतं याची पक्की माहिती कोणाकडे नव्हती. सगळ्यांनी ते हसूच धरलं. लाइने उलट हसली. साल्मेने आणखी झापलं. चेहरा आणखी प्रेमळ दिसला. दुपारपर्यंत शिस्त पार गेली. दोघी रानातल्या स्ट्रॉबेरी वेचायला निघून गेल्या, एकीने लवकर घरी जाऊ का म्हणून विचारलं (आमच्या टोळीत असं विचारायची पद्धत नाही), आणि वाइके मेरिकेला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझी सासू मरायला टेकलीय का? चांगली वागतेय."

संध्याकाळी साल्मे ताकात कालवलेलं 'कामा', म्हणजे भाजलेल्या धान्यांचं पीठ, प्यायला बसली. घोट घेतला, तो तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून निघून ॲप्रनवर सांडला. तिने पुसला. दुसरा घोट घेतला, तोही सांडला. डावा डोळा मिटत नव्हता, त्यामुळे त्याला सगळं बघत राहावं लागलं. मेरिके फडकं आणायला गेली नाही. समोर येऊन बसली.

"आई, उद्या सकाळी गाडी काढते."

"उद्या काम आहे."

"कामाला चेहरा लागतो."

सुनेने असं उत्तर द्यावं आणि आपल्याला ते अर्ध्या तोंडाने ऐकून घ्यावं लागावं, हे साल्मेला गुडघ्यापेक्षा जास्त दुखलं. पण उलटून बोलायला निदान दोन्ही ओठ लागतात.

व्होरूच्या दवाखान्यातली डॉक्टरीण आमच्याच भागातली. तिने डोळे तपासले, गाल फुगवायला सांगितला (एक फुगला), गुडघा दाबला आणि विचारलं, "मधे कधी लाल चकती उठली होती अंगावर?"

"चटका होता," साल्मे म्हणाली.

"कोणी पाहिलं?"

"मी," मेरिके म्हणाली. "सौनात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "धुराच्या?"

"धुराच्या."

"अहो, तिथे मला माझी आई आवाजावरून ओळखावी लागते."

लाइम नसांपर्यंत गेला होता. औषधाने चेहरा बहुतेक परत येईल, असं त्या म्हणाल्या. चकती दिसली तेव्हाच तुम्ही आल्या असत्या तर साध्या गोळ्यांवर भागलं असतं. आणि रोग काळजात शिरला असता तर आपण आज हे बोलत नसतो, म्हणजे मी बोलले असते, तुम्ही नसत्या बोलल्या. साल्मेने हे सगळं बिलाच्या रकमेसारखं ऐकलं, म्हणजे दुसऱ्याचं असल्यासारखं. मग डॉक्टरीणबाईंनी सहज मेरिकेकडे पाहिलं.

"तुमची पाठ कोण बघतं?"

"आईच बघतात. दर शनिवारी."

"या अशा खिडकीपाशी."

खिडकीतून जुलैचं ऊन येत होतं, लपवाछपवी न जमणारं. मेरिकेने सदरा वर केला. खांद्याच्या पात्याखाली एक चकती होती, नुकती उठलेली, मधे फिकी, कडेने लाल. आणि कमरेच्या जरा वर एक गोचीड, पिऊन पिऊन राखाडी मण्यासारखी झालेली, निवांत. मागच्याच शनिवारी साल्मेने या पाठीवरून हात फिरवला होता. साफ म्हटलं होतं. थाप मारली होती. थाप बहुधा गोचिडीला बसली असावी. तिने ती शाबासकी समजून घेतली.

डॉक्टरीणबाईंनी गोचीड काढेपर्यंत साल्मेने सुनेचा सदरा वर धरून ठेवला.

परतीच्या वाटेवर गाडीत तिने एकदाच तोंड उघडलं. "वेगळं लाल म्हणाली होतीस तू."

"हो."

"मोठ्याने म्हणायचं."

"मोठ्यानेच म्हटलं होतं, आई."

घर येईपर्यंत साल्मेचं ठरलं होतं: उद्यापासून तपासणी सौनाच्या बाहेर, पायरीवर, उजेडात, आणि रोज. मेरिकेला वाटलं, टोळी ऐकेल. बाकी सगळं ऐकते. पण इथे आमच्या चालीरीतींत एक बारकावा आहे. आमच्या बायका काळोख्या सौनात सगळ्यांसमोर उघड्या बसतात, तशाच तळ्यात उड्या घेतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही असं कळायच्या आधीपासून शिकवलेलं असतं. पण उजेडात, पायरीवर, बाकी सगळे कपडे अंगावर असताना नुसता पाठीवरचा सदरा उचलायचा, म्हणजे शोभा. सगळं काढलं तर ती परंपरा. थोडं वर केलं तर ते काय, याला आमच्याकडे शब्द नाही, नुसती नजर आहे.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर आठ बायका सौनापुढे उभ्या राहिल्या आणि आठही जणींना एकदम बर्चच्या शेंड्यांत बघण्यासारखं काहीतरी दिसलं.

"सदरे वर करा," साल्मे म्हणाली. हुकूम होता, पण अर्ध्या चेहऱ्यावर तो आमंत्रणासारखा दिसला.

कोणी हललं नाही. लाइने म्हणाली, तिला आज सर्दी आहे. दुसरी म्हणाली, तिने आतून जुनं घातलंय.

साल्मेने सगळ्यांकडे पाहिलं. या बायकांना तिने वाकायला, उठायला, गप्प बसायला शिकवलं होतं. त्यांच्या पाठींवर तिच्या थापा होत्या. या घटकेला ती आत जाऊन दार लावू शकत होती. पाटी दाराला होतीच. टोळी शनिवारी सौनात जमली असती, सगळ्या साफ निघाल्या असत्या, आणि मुकादमीला धक्का लागला नसता. ती पायरी चढली. टोळीकडे पाठ केली. आणि सदरा मानेपर्यंत वर ओढला.

मुकादमाची पाठ उजेडात कोणी पाहिली नव्हती. पांढरी होती, इतकी की बघणाऱ्यालाच चुकल्यासारखं व्हावं. कण्याचे मणके वर आलेले. आतल्या कपड्याच्या तुटक्या पट्ट्याला दोरा बांधून काम भागवलेलं. मेरिके पुढे झाली, पण तेवढ्यात तिला बाजूला सारून वाइके चष्मा लावत आली.

"सरक गं. चटका कुठला नि चकती कुठली, तुला कळत नाही." (हे खोटं होतं. तिथे जमलेल्यांत ते कळलेली मेरिके एकटीच होती.) मग वाइके वाकली आणि म्हणाली, "खाली वाक जरा. उजेड अडवतेस."

हे ती साल्मेला म्हणाली. मधे कोणी नव्हतं.

साल्मे वाकली.

"हं. एक आहे. कडू रक्ताची आवड दिसतेय हिला."

"काढ आणि गप्प बस."

"लोणी आणू?"

"चिमटा घे, सटवे."

वाइकेने गोचीड सरळ ओढून काढली आणि उन्हात धरून पाहिली. "ही आपल्या तोडीतली नाही. आपल्याकडे एवढ्या पोसलेल्या नसतात. ही ओढ्यापलीकडची, माझ्या पिवळ्या अळंबीच्या जागेतली."

"ती जागा माझी आहे."

"म्हणजे गेली होतीस."

साल्मेची पाठ लाल झाली. सौना पेटवलेला नव्हता.

त्यानंतर बाकीचे सदरे वर गेले. मुकादमाचीच एवढी शोभा झाल्यावर दुसरीची काय होणार? पहिल्याच संध्याकाळी चौदा गोचिडी निघाल्या. लाइनेच्या एकटीच्या अंगावर चार. तिची सर्दी त्याच क्षणी बरी झाली.

महिनाअखेर आमच्या टोळीचा आकडा शून्यावरून एकशे सहावर गेला, आणि खात्यात खळबळ उडाली. आदर्श टोळी जिल्ह्यात तळाला. काउपो स्वतः आला. पॅन्ट अजून पांढरीच होती.

"साल्मेबाई, आपल्या टोळीत गोचिडींचा प्रादुर्भाव झालाय."

"झालाय नाही. होता."

"अहवालात नव्हता."

"अंगावर होता."

काउपोने आवाज खाली आणला. पोरगा वाईट नव्हता, त्याला खरंच तिचं भलं करायचं होतं. "असं बघा, तपासणी पुन्हा आपल्या पारंपरिक पद्धतीने सुरू केली, तर आकडा आपोआप खाली येईल. पाटी राहील. जिल्ह्याच्या पुस्तिकेत आपला फोटोसुद्धा जाणार होता."

साल्मेने पाटीकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तिला ती पाटी हवी होती. फोटोही हवा होता. चेहऱ्याची चांगली बाजू कुठली, हे तिने आरशात बघून ठेवलं होतं. पायरीवर मेरिके पाठ करून बसली होती आणि वाइके तिच्यावर खेकसत होती, की तीळ आहे तर आधी सांगायचं, मी अर्धा उपटला. साल्मे आत गेली आणि हातोडी घेऊन आली.

"पाटी घेऊन जा. खिळे ठेव," ती म्हणाली. "ते माझे आहेत."

पाटी आता तळ्यापलीकडच्या गावातल्या टोळीकडे आहे. त्यांचा सौना आमच्यापेक्षा जुना, म्हणजे जास्त काळा. त्यांच्याकडे गोचीड होत नाही. आम्हाला खात्याने एक भित्तिपत्रक पाठवलं, त्यात वाईट कामगिरीच्या टोळ्यांनी काय करावं ते लिहिलंय. मेरिकेची चकती साध्या गोळ्यांवर गेली. साल्मेचा चेहराही बराचसा परत आला. डावा कोपरा तेवढा अजून मागे राहतो, त्यामुळे ती झापते तेव्हा थोडी माया दिसते. तेही जाईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. टोळीला घाई नाही.

राहता राहिले तुम्ही. हे वाचताना तुमचा हात एकदा तरी मानेकडे गेला असेल, नाहीतर खांद्यामागे, जिथवर पोचतो तिथवर. लाजू नका, सगळ्यांचा जातो. बोटांना काही लागलं नाही, मनातल्या मनात तुम्ही "साफ" म्हणालात आणि पुढची ओळ वाचायला घेतलीत. नसेलच काही. तुम्ही कुठे रानात काम करता. तरी घरातल्या कोणाला हाक मारून "जरा उजेडात ये आणि माझी पाठ बघ" म्हणायला काही हरकत नव्हती. पण हाक कोणाला मारायची, याचा विचार करेपर्यंत गोष्ट संपली.